पाण्यातला ओळंबा

प्वेर्तो रिकोच्या खारफुटीत मुळांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पाण्यात उतरतात आणि त्या उजेडात इवल्या कवचधारी जीवांचे थवे जमतात. ट्रायपेडेलिया नावाची, जेमतेम सेंटिमीटरभराची चौकोनी जेलीफिश त्यांच्यावर जगते. प्रवाहानं तिला उघड्या पाण्यात ढकललं तर उपासमार ठरलेली. तरीही ती झाडांकडे परतते.

तिच्या चार बाजूंना चार देठ लोंबतात. प्रत्येकावर सहा डोळे, म्हणजे एकूण चोवीस. आणि टोकाला एक जड स्फटिक. त्यामुळे जेलीफिश आडवी होवो की उलटी, देठ गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबतो आणि त्यावरचा भिंगाचा एक डोळा कायम वर रोखलेला राहतो. पाण्याखालून वर पाहिलं की बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत मावतं. त्या खिडकीच्या काठावर खारफुटीच्या शेंड्यांची गडद रेघ दिसली, की ही तिकडे निघते. आंदेर्स गार्म, डान-एरिक निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे दाखवून दिलं. झाडं आठेक मीटरवर असेपर्यंत तिला दिशा सापडते, त्यापलीकडे ती भरकटते. झाडं दिसतात डोळ्यांना हे खरं. पण डोळ्यांना आभाळाकडे धरून ठेवतो तो खडा!

पांढुरकी, पसरट ऑरेलिया ही जेलीफिश ट्रायपेडेलियाहून साधी. तिच्या छत्रीच्या कडेला सहसा आठ गाठी असतात आणि प्रत्येकीत खड्यांचा पुंजका. रसायन तेच, जे प्लास्टर ऑफ पॅरिसचं. जवळपास सगळं शरीर पाण्याचं असताना हे एवढं वजन तिच्या पेशींनी कण कण करून घडवलेलं असतं. छत्री कलली की गाठ झुकते, शेजारच्या संवेदी केसांवर दाब पडतो, मज्जातंतूंच्या जाळ्यातून खबर पसरते. मग दोन्ही बाजूंचं आकुंचन सारखं राहत नाही आणि शरीर वळतं.

पोहण्याचा ठेकाही याच गाठी धरतात. १८७० च्या दशकात डार्विनचा तरुण मित्र जॉर्ज रोमेन्स यानं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्या एकेक करून कापून पाहिल्या. एक जरी उरली, तरी छत्री स्पंदत राही. शेवटची गेली, की बहुधा थबके.

आणि वजनच नाहीसं झालं तर?

जून १९९१ मध्ये ‘कोलंबिया’ यानातून ऑरेलियाची पिल्लं आणि ज्यांपासून पिल्लं सुटतात ते पॉलिप नऊ दिवसांसाठी अंतराळात गेले. प्रयोग डोरोथी स्पँगेनबर्ग यांचा. वजनाविनाही नवी पिल्लं जन्मली, त्यांच्या गाठींत खडेही तयार झाले. पृथ्वीवर परतल्यावर मात्र, इथंच वाढलेल्या पिल्लांच्या तुलनेत, अंतराळात घडलेल्यांपैकी जास्त जणांची स्पंदनं आणि हालचाल बिघडलेली आढळली. खडा होता, पण त्याचा भार काय सांगतो हे त्यांच्या शरीराला कधी अनुभवायलाच मिळालं नव्हतं, असं वाटल्यावाचून राहत नाही.

माणसाच्या आतल्या कानातही असेच खडे असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे. अंतराळात पोहोचल्यावर त्यांचा भार लागेनासा होतो आणि पहिले काही दिवस अनेक अंतराळवीरांना मळमळतं. ते निदान पृथ्वीवर चालायला शिकून गेलेले असतात. उद्या एखादं मूल तिथंच जन्मलं, तर इथं उतरल्यावर त्याचे कान त्याला काय सांगतील?