भीती वाटते, हे सांगायला लाज कसली?

आमच्या घरांमध्ये एक वाक्य फार सहज बोलले जाते: "ईमानवाला घाबरत नाही." मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री जेवला नाही की हे वाक्य. सून बाळंतपणानंतर रात्र-रात्र जागी राहू लागली की हे वाक्य. मुलगा कुवेतला, चार दिवस फोन नाही, आईच्या छातीत धडधड. शेजारीण येते आणि तेच सांगून जाते. सांगणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असतो. पण ऐकणाऱ्याच्या पदरात दोन दुःखे पडतात. मूळची भीती तर असतेच, वर आपले ईमानच कच्चे आहे ही टोचणी.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मसले सांगण्याचा आमचा अधिकार नाही, त्यासाठी आलिम आहेत. पण कुरआन तर्जुम्यासह वाचणाऱ्या कोणालाही दिसेल की त्यात घाबरलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि ती साधीसुधी माणसे नाहीत.

ह. मूसा (अलै.) यांचेच पाहा. सूरह कससमध्ये ते शहर सोडतात ते भीत भीत, मागेपुढे पाहत. काठीचा साप झाला तेव्हा पाठ फिरवून पळाले. फिरऔनकडे जाण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. माझ्या हातून त्यांचा एक माणूस मेला आहे, ते मला ठार करतील अशी भीती वाटते, असे आपल्या रबला सरळ सांगितले. सूरह ताहामध्ये दोघे भाऊ मिळून पुन्हा आपली भीती बोलून दाखवतात. पुढे जादूगारांनी दोऱ्या टाकल्या, तेव्हा परत मनात भीती. इतक्या वेळा! आणि प्रत्येक वेळी अल्लाहकडून आले ते आश्वासन: भिऊ नका, मी बरोबर आहे, ऐकतो आहे, पाहतो आहे, या आशयाचे. झिडकारणे नाही, टोमणा नाही.

याच प्रसंगात मूसा (अलै.) यांनी मागितलेली दुआ आमच्या मुलांना पाठ असते. 'रब्बिश्रह ली'ची दुआ म्हणून ती ओळखली जाते आणि बोर्डाच्या परीक्षेआधी वर्गावर्गांत पढली जाते. छाती मोकळी कर, काम सोपे कर, जिभेची गाठ सोड म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल, असा तिचा आशय. ज्याची कधी छाती भरून आली आहे, घशाला कोरड पडून शब्द अडकला आहे, त्याला कळेल की घाबरलेल्या माणसाच्या शरीरात जे जे होते, तेच येथे एकेक करून मागितले आहे. मात्र परीक्षेच्या चिठ्ठ्यांवर ही दुआ जिभेच्या गाठीपाशीच तोडलेली असते. सूरह ताहामध्ये ती तिथे थांबत नाही. पुढे मूसा (अलै.) मागतात की माझ्याच घरातला एक सोबती दे, माझा भाऊ हारून, त्याच्यामुळे माझी पाठ बळकट कर. म्हणजे घाबरलेल्या माणसाने अल्लाहकडे माणूस मागितला, आणि अल्लाहने तो दिला. हा तुकडा आम्ही मुलांना मुद्दाम शिकवतो.

हिरा गुहेतून प्रेषित मुहम्मद (सल्ल.) थरथरत घरी आले, ती हदीस बुखारीच्या सुरुवातीलाच आहे. मला पांघरूण घाला, असे म्हणाले. ह. खदीजा (रजि.) यांनी आधी पांघरूण घातले. प्रश्न नंतर. मग आपल्या जिवाची भीती वाटते असे आप (सल्ल.) म्हणाले, तेव्हा त्यांनी ती भीती खोटी ठरवली नाही, आपण नातेवाइकांना धरून राहता, दुबळ्यांचे ओझे उचलता, पाहुण्यांची सरबराई करता, अल्लाह आपल्याला कधी उघड्यावर टाकणार नाही, अशा शब्दांत धीर दिला. आणि तेवढ्यावर न थांबता जाणकार माणसाकडे, वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. घरात कोणी घाबरून आले तर काय करावे, याचा याहून चांगला धडा आमच्या बी.एड.च्या पुस्तकांत आम्हाला मिळाला नाही.

आमच्या भागात भीतीचे नाव पाऊस आहे. वाशिष्ठी नदीच्या काठी राहणाऱ्यांना २२ जुलै २०२१ ही तारीख सांगावी लागत नाही. त्या दिवशी चिपळूण बुडाले. २००५ चा पूर मोठ्यांनी पाहिला होता, मुलांनी नव्हता. माळ्यावर, गच्चीवर, पत्र्यावर काढलेले ते तास मुलांच्या अंगात जाऊन बसले. चिखल काढला, भिंतींना रंग लागला, दुकाने उघडली. पण पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला तेव्हा वर्गातली निम्मी मुले फळ्याकडे पाहतच नव्हती, खिडकीकडे पाहत होती. एकाने विचारले, "मॅडम, पूल दिसतोय का अजून?"

तेव्हा आम्ही मुलांना ह. आयशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस ऐकवली. आकाशात ढग दाटले, वारा सुटला की आप (सल्ल.) यांचा चेहरा बदलायचा. आत-बाहेर येरझारा व्हायच्या. पाऊस पडून गेला की चेहऱ्यावर निश्चिंती यायची. ह. आयशा (रजि.) यांनी कारण विचारले, तर आद कौमची आठवण सांगितली, त्यांनीही ढग पाहून पाऊस येतो आहे असेच म्हटले होते आणि त्यात अजाब निघाला. मुले अगदी गप्प झाली होती. ढग पाहून येरझारा घालणे हे त्यांना घरात रोज दिसत होते, पण नबी (सल्ल.) यांच्या घरातही असे होते हे त्यांना नवीन होते.

पावसाच्या दोन दुआ आम्ही त्या वर्षी पाठ करून घेतल्या. एक रोजची, पाऊस लाभाचा असो म्हणून. दुसरी ह. अनस (रजि.) यांच्या हदीसमधली. मदिन्यात दुष्काळ होता, जुम्याच्या खुतब्यात एका माणसाने उठून पावसासाठी दुआ मागायला सांगितले, पाऊस आला तो आठवडाभर थांबेना. पुढच्या जुम्याला तक्रार आली की घरेदारे पडत आहेत, रस्ते बंद झाले. आप (सल्ल.) यांनी हात उचलले. पण पाऊस थांबव असे मागितले नाही. आमच्या आजूबाजूला पडो, आमच्यावर नको. टेकड्यांवर, दऱ्यांत आणि झाडे उगवतात त्या जागी पडो, असे मागितले. भीतीच्या क्षणीसुद्धा पाऊस ही रहमत आहे हे विसरले गेले नाही, ही त्या दुआची नजाकत आम्हाला फार आवडते. यावर मागच्या बाकावरून प्रश्न आलाच: "पण डोंगरावर पडला तर दरड येईल ना?" त्याच दिवशी महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले होते, हे मुलांना ठाऊक होते. दुसऱ्या मुलाने उत्तर दिले, दुआमध्ये झाडांच्या जागा म्हटले आहे, झाडे असतील तर माती धरून ठेवतात. भूगोलाच्या सरांना आम्ही हे नंतर सांगितले, ते खूश झाले.

त्या वर्गात सातवीतली एक मुलगी होती. तिचे पावसाळ्यात शाळेत येणे बंद झाले. सकाळी उठली की उलटी, हातपाय गार, रात्री झोपेत किंचाळणे. घरच्यांनी असर आहे म्हणून उतारे केले, कोणा बाबाकडून गंडा आणला, पैसे गेले. त्यात नात्यातल्या एका बाईंनी, पूर हा आपल्या गुनाहांमुळे आला, असे तिच्यासमोर बोलून टाकले. मुलीने ते स्वतःवर घेतले. आम्ही घरी गेलो तेव्हा तिने हळूच विचारले की आपण त्या आठवड्यात अम्मीशी खोटे बोललो होतो, म्हणून तर पूर आला नाही ना?

मोठ्यांनी बोलताना जीभ आवरली पाहिजे. बालिग होईपर्यंत मुलावरून कलम उचललेले आहे, हे हदीस सांगते. आणि आम्ही मात्र बारा वर्षांच्या पोरीच्या माथी अख्खे शहर बुडवल्याचा गुनाह मारतो!

तिला आम्ही ह. मूसा (अलै.) यांच्या आईची गोष्ट सांगितली, कारण त्या गोष्टीत नदी आहे. पोटचे मूल पाण्यात सोडताना त्यांना अल्लाहकडून दिलासा मिळाला होता की भिऊ नकोस, दुःख करू नकोस, आम्ही ते तुझ्याकडे परत आणू. तरीसुद्धा कुरआन सांगते की त्यांचे काळीज रिते झाले, गुपित तोंडातून निघून जाईल इतकी वेळ आली, तेव्हा अल्लाहने त्यांचे मन घट्ट केले. वचन मिळालेल्या आईचे काळीजही रिते होते, मग आपले झाले तर नवल काय? आणि त्या नुसत्या बसून राहिल्या नाहीत. मुलीला सांगितले, त्याच्या मागे मागे जा, नजर ठेव.

मुलीच्या अम्मीने काय पढावे, असे विचारले. आमची आवडती दुआ बुखारीत ह. अनस (रजि.) यांच्याकडून आली आहे. 'हम' आणि 'हज़न'पासून पनाह मागण्याने ती सुरू होते, दुआंच्या छोट्या पुस्तकांत, 'हिस्नुल मुस्लिम'मध्येही, सहज सापडते. मूळ शब्द तिथून पाठ करावेत. उर्दूत आम्ही दोन्हींना 'ग़म' म्हणून मोकळे होतो, पण उलमांनी फरक सांगितला आहे: हम म्हणजे पुढे काय होईल याची काळजी, हज़न म्हणजे होऊन गेले त्याचे दुःख. त्यानंतर येतात लाचारी आणि आळस, कंजूषपणा आणि भित्रेपणा, कर्जाचे ओझे आणि माणसांची दडपशाही. आठ गोष्टी. ही दुआ पढताना प्रत्येक शब्दावर थांबून पाहा, आपली भीती यांपैकी कोठे बसते. मुलीच्या अम्मी 'कर्ज' शब्दावर थांबल्या आणि रडू लागल्या. पुरात शिलाई मशीन गेले होते, बचत गटाचा हप्ता थकला होता, आणि हे त्यांनी घरात कोणालाच सांगितले नव्हते. मुलीला ते न सांगताच कळले असणार, मुलांना कळते.

अबू दाऊदमध्ये असाच एक प्रसंग आहे. अबू उमामा नावाचे अन्सारी नमाजची वेळ नसताना मस्जिदमध्ये बसलेले आढळले, काळजी आणि कर्जाने ग्रासलेले. त्यांना हीच दुआ सकाळ-संध्याकाळ पढायला शिकवली गेली. त्या रिवायतीच्या सनदेबद्दल मुहद्दिसांनी आक्षेप घेतले आहेत, म्हणून आधार बुखारीचाच धरावा.

आयते करीमाच्या खत्मबद्दल दोन शब्द. संकट आले की मोहल्ल्यातल्या बायका चिंचोके घेऊन बसतात आणि सव्वा लाखाचा आकडा पुरा करतात. हा आकडा हदीसमध्ये नाही. पण बायका एकत्र बसतात, एकमेकींचे ऐकतात, त्याला आम्ही नाव ठेवणार नाही. फक्त ती दुआ कोणाची, कोठली, हे मोजताना विसरू नये. माशाच्या पोटात, अंधारात, ह. यूनुस (अलै.) यांनी हाक मारली. त्यात वाचव असा शब्दही नाही. तूच एक, तू पाक, चूक माझी, एवढेच. आणि पुढच्याच आयतमध्ये सुटका आहे, मोमिनांनाही अशीच सुटका मिळते हे सांगून.

आता औषधाविषयी. ताप आला तर सूरह फातिहा पढून दम करणारा माणूसही दवाखान्यात जातो. तवक्कुलसाठी उंट आधी बांधायचा, ही तिर्मिज़ीची हदीस सर्वांना तोंडपाठ असते. पण मनाच्या आजाराला मात्र नुसती दुआ! रत्नागिरीला मोठे मनोरुग्णालय असल्यामुळे आमच्या भागात तर 'रत्नागिरीला नेले' याचा एकच अर्थ होतो आणि मुलीचे स्थळ मोडते. म्हणून त्या अम्मीला आम्ही आधी १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर लावून दिला. तो मोफत आहे, मराठीत बोलतात, नाव गावभर होत नाही. नंतर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मुलीला बोलते केले, श्वास हळू सोडण्याचा सराव दिला, गोळी दिली नाही. एखाद्याला गोळी लागतेही, त्यात काय बिघडले? अल्लाहने आजार उतरवला तर इलाजही उतरवला आहे, असे बुखारीत आहे.

मुलगी लगेच बरी झाली नाही. दोन पावसाळे गेले. अजूनही धरणाचे पाणी सोडल्याचा मेसेज आला की तिचा चेहरा उतरतो. पण शाळा सुटली नाही, यंदा ती दहावीला आहे.

रात्री झोपताना तिची अम्मी तिच्याजवळ बसते. आयतुल कुर्सी, मग तिन्ही कुल पढून तळहातांवर फुंकर, आणि हात डोक्यावरून, चेहऱ्यावरून, अंगावरून फिरवायचे, आप (सल्ल.) रोज रात्री कुल पढून असेच करत, असे ह. आयशा (रजि.) सांगतात. आधी अम्मी तिच्यावर फिरवत असे. आता ती आपल्या धाकट्या भावावर फिरवते, आणि तो गुदगुल्या होतात म्हणून हसतो.