पानातले भाडेकरू

कारेगावात खोल्या भाड्याने देणे हा आता शेतीइतकाच धंदा झाला आहे. रांजणगाव एमआयडीसी आली आणि बीड, नांदेड, बिहार, उत्तर प्रदेश सगळे पत्र्याच्या खोल्यांत राहायला आले. गावात चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर. 'बाहेरचे' हा शब्द मला लहानपणापासून जरा जास्तच ऐकू येतो. म्हणूनही असेल, कोकोच्या झाडावरचा एक प्रयोग डोक्यातून जात नाही.

कोको म्हणजे ज्याच्या बियांचे चॉकलेट होते ते झाड. एलिझाबेथ अर्नॉल्ड आणि सहकाऱ्यांनी पनामात त्याची पाने तपासली. 2003 साली ते काम छापून आले. नवे पान फुटते तेव्हा आतून जवळजवळ रिकामेच असते. मग वाऱ्यापावसातून बुरशीचे बीजाणू येतात, पानात शिरतात आणि तिथेच राहतात. पान आजारी दिसत नाही. काही पानांत या बुरश्या मुद्दाम वसवल्या, काही रिकामी ठेवली, आणि दोन्हींवर फायटोप्थोरा हा कोकोचा वैरी सोडला. रिकामी पाने जास्त करपली, जास्त मेली. बुरशीचा आधार जून पानांना अधिक मिळाला, कारण त्यांची स्वतःची ताकद ओसरलेली असते.

अब्बांना सांगितले तर ते म्हणाले, "मग आपल्या डाळिंबाला मर आणते ती कोण? ती पण बुरशीच ना?"

बुरशीच. मर आणणारी सेरॅटोसिस्टिस मुळांतून शिरते आणि उभे झाड वाळवते. आत राहणारे सगळेच भले नसतात. झाड दमले की काही गप्प भाडेकरूही उलटतात. पण बुरशी म्हटली की औषध ओता, हे आमच्याकडे इतके मुरले आहे की ट्रायकोडर्माही बुरशीच आहे हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. दुकानात एकाच बिलावर ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम मिळते. सोमवारी पहिला शेणखतात मिसळून बुंध्याला टाकायचा, गुरुवारी तिथेच दुसरे ओतायचे. दुसरे पहिल्याला मारते. पैसे दोन्हींचे जातात, तेही कर्जातले.

यंदा अब्बांनी चार ओळींना फक्त शेणखत आणि ट्रायकोडर्मा दिला आहे. बाकी बागेला नेहमीचेच. चाचांनी आत्ताच सांगून ठेवलेय, त्या चार ओळी वाळल्या की लाकडं माझी.