न विचारलेला प्रश्न

सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर सकाळी बसलेली रुग्णांची रांग आपण कधी लक्षपूर्वक पाहिली आहे काय? ताप, खोकला, खरूज, बाळंतिणीची कंबर, म्हाताऱ्यांचे गुडघे, असा तो नित्याचा देखावा असतो. त्यातच एखादा मनुष्य सारखा जांभया देत असतो. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळत असते, श्रावणातल्या उकाड्यातही त्याच्या अंगावर काटा उभा असतो आणि पोटात कळ आली की तो उठून मागच्या बाजूस जातो. आपण म्हणाल, पडसे झाले असेल, पोट बिघडले असेल. मीही, हातात वैद्यकाची पदवी असताना, पुष्कळ वर्षे तेच म्हणत होतो.

माझे घराणे मूळचे साताऱ्याकडचे. पण तीन पिढ्या इंदुरात गेल्याने आमची मराठी माळव्याच्या पाण्यावर पोसलेली आहे. शिक्षण संपल्यावर माझी नेमणूक झाली ती मंदसौर-नीमच या भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. या मुलखात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. माघ महिन्यात शेते पांढऱ्या फुलांनी भरून जातात. पुढे बोंडे धरली की दिवस कलताना त्यांना बारीक चिरे देतात आणि रात्रभर पाझरून घट्ट झालेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतात. हा चीक सरकार मोजून घेते, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यापासून औषधी द्रव्ये तयार होतात. कर्करोगाच्या वेदनेवर जे मॉर्फीन देतात, त्याचे मूळ याच चिकात आहे. पण सगळाच चीक मोजणीपर्यंत पोहोचतो असे नाही. शिवाय रिकाम्या बोंडांचा चुरा, ज्याला तिकडे डोडा म्हणतात, तो पाण्यात भिजवून पिणारेही आहेत. लग्नकार्यात किंवा दुखवट्याच्या बैठकीत पाहुण्याच्या तळहातावर अफू ठेवण्याची जुनी रीत मी स्वतः पाहिली आहे. 'अमल' या शब्दाला आपल्या भाषेत नशा असाही अर्थ आहे आणि सत्ता असाही. ज्याने हा शब्द दोन्हीकडे प्रथम वापरला, त्याने अफूचा माणूस जवळून पाहिला असला पाहिजे.

१९९८ च्या पावसाळ्यात असाच जांभया देणारा एक शेतमजूर माझ्यापुढे आला. वय पंचेचाळीसच्या आसपास. जुलाब, अंगदुखी, तीन रात्री झोप नाही. मी सलाइन लावण्यास सांगितले. इतक्यात कंपाउंडर माझ्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, अमली आहे. माल मिळाला नसेल." माझे पित्त खवळले. भर ओसरीवर, सर्वांच्या देखत, वयाने माझ्याहून वडील असलेल्या त्या गृहस्थाला मी अरेतुरे केले. "आधी ते सोड, मग माझ्या दारात ये, नाहीतर पोलिसांना कळवीन," असे मी म्हणालो. त्याने एक शब्दही उच्चारला नाही. डोक्याचा पंचा सोडून त्याने तोंड पुसले आणि तो निघून गेला.

घरच्यांनी त्याला सासुरवाडीस नेऊन वीस दिवस खोलीत कोंडून ठेवले. तो परतला तेव्हा सुकला होता, पण शुद्धीवर होता. गावाने कौतुक केले. मीही त्याची पाठ थोपटली आणि मनातून स्वतःचीही, कारण माझ्या रागावण्याचाच तो परिणाम होय असे मला वाटले. दोन महिन्यांनी एका लग्नात त्याने पूर्वीच्या सवयीइतकीच अफू घेतली, वर झोपेच्या गोळ्या घेतल्या. पहाटे त्याचा श्वास थांबला. मृत्यूची नोंद मीच केली. काय चुकले, हे मात्र मला उमगले नाही. इच्छाशक्ती कमी पडली, असे म्हणून मी कागद मिटला.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २००९ साली, व्यसनांच्या उपचारासंबंधी सामान्य डॉक्टरांसाठी भरलेल्या एका प्रशिक्षणवर्गास मला पाठविण्यात आले. खरे सांगतो, मी कुरकुरतच गेलो. मनोविकारतज्ज्ञांचे काम आमच्या गळ्यात कशाला, अशी माझी भावना होती. दुसऱ्या दिवशी शिकविणाऱ्या डॉक्टरीणबाई अगदी सहज बोलून गेल्या: अफूवर्गातील द्रव्य काही आठवडे बंद राहिले की शरीराची ते पचविण्याची शक्ती ओसरते, मग मनुष्य जुन्या मात्रेकडे वळला तर तीच मात्रा त्याचा श्वास बंद पाडते, म्हणून व्यसन नुकतेच सुटलेला रुग्ण हा सर्वांत धोक्यात असतो. बाकीचे लिहून घेत होते. माझी लेखणी थांबली. मी ज्याची पाठ थोपटली होती, त्याला हे एक वाक्य सांगावयाचे राहून गेले होते.

त्या वर्गात आम्ही जे शिकलो त्यात अवघड असे फार थोडे होते. अफू किंवा हेरॉइन बंद झाल्यावर आठ-दहा तासांत जांभया, शिंका, नाकाडोळ्यांचे पाणी सुरू होते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाल पराकोटीला जातात आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतात. या यातनेने सहसा प्राण जात नाही, मात्र यातना खरी असते, सोंग नसते. दारूचे याहून वेगळे आहे. रोजच्या मद्यप्याची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊन तो दगावू शकतो. म्हणून "आजपासून बंद" असे सर्वांना एकाच तोंडाने सांगणारा डॉक्टर धोकादायक, हे मी तेथे प्रथम ऐकले. ब्युप्रेनॉर्फीन नावाच्या गोळीविषयीही तेथेच समजले. ती जिभेखाली ठेवावयाची असते आणि तळमळ शमविते. पण शरीरात अफू अजून मुरलेली असताना दिली तर तीच तळमळ एकदम उसळते. म्हणून शेवटची मात्रा केव्हा घेतली हे विचारल्यावाचून ती सुरू करता येत नाही. ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे द्यावी लागते. आमच्यापैकी एकाने "ही तर एक नशा काढून दुसरी दिली" असा आक्षेप घेतला. बाईंनी मधुमेह्याच्या इन्सुलिनचे उदाहरण दिले. ते मला पुरते पटले असे नाही. पण जो मनुष्य रोज कामावर जातो, मुलांची फी भरतो आणि जिवंत राहतो, त्याच्याशी शब्दांवरून वाद घालण्यात अर्थ नाही, हे मात्र पटले.

फ्रान्समध्ये १९९६ पासून गल्लीतला साधा डॉक्टरही ही गोळी लिहून देऊ लागला. १९९५ ते १९९९ या काळात तेथे अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे चार-पंचमांशाने घटले. आपल्याकडे ती मान्यताप्राप्त केंद्रांतूनच मिळते. माझ्या केंद्राच्या कपाटात ती कधीच नव्हती. जिल्ह्याचे ठिकाण चाळीस मैलांवर, एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडणार. अशा स्थितीत चिठ्ठी लिहून देताना मला संकोच वाटे. औषधाचा गैरवापर होऊ नये म्हणून बंधने हवीत, हे मान्य. पण रोग गावात आणि औषध शहरात, हा हिशेब मला कोणी नीट समजावून दिलेला नाही.

आणि रोग लहान नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गातील द्रव्ये घेत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या, १९८६ पासून हे काम निष्ठेने करणाऱ्या संस्था कितीही वाढल्या, तरी एवढी माणसे त्यांच्या खाटांवर मावणार नाहीत. ती आधी येतात कोठे? आमच्या ओसरीवर, जुलाब घेऊन. बंगळूरची निम्हान्स संस्था आता दूरच्या डॉक्टरांना त्यांच्या जागीच, पडद्यावरून, रुग्णांची चर्चा करीत शिकविते, ते यासाठीच.

आपल्या घरात कोणी असा असेल तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच, अल्प प्रमाणात सेवन करणारा व्यसनी स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून सूट देणारे कलम आहे. मी त्या दिवशी दिलेली पोलिसांची धमकी अडाण्याची होती. आणि १४४४६ या क्रमांकावर सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

निवृत्तीनंतर मला अशा वर्गांना अधूनमधून बोलावतात. एक डॉक्टर रुग्ण होतो, दुसरा त्याला प्रश्न विचारतो, असा एक सराव तेथे असतो. रुग्णाचे काम मी मागून घेतो. पंचा खांद्यावर टाकतो, जांभया देतो आणि काही बोलत नाही. तरुण डॉक्टरांपैकी निम्मे तरी "काय घेतोस?" येथून सुरुवात करतात. मग मी उठून चालू लागतो, आणि वर्ग हसतो.

गेल्या खेपेस एका मुलीने तसे केले नाही. तिने आपले स्टूल माझ्याजवळ ओढले आणि आवाज खाली आणून विचारले, "काका, रात्री झोप लागली का? शेवटचे केव्हा घेतले होते तुम्ही?" उत्तर मला पाठ होते. तरी ते देण्यास मला जरा वेळ लागला.