पानातून न उतरणारे

आफ्रिकन व्हायोलेट या नावातला पहिला शब्द खरा आहे, दुसरा नाही. व्हायोलेटच्या कुळाशी या झाडाचे काहीच नाते नाही. ते गेस्नेरिएसी कुळातले; आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या कातळांवर निळे फुलणारे ऱ्हिंकोग्लॉसम त्याचे भाऊबंद. आजच्या टांझानियातील उसांबाराच्या डोंगरांतून बॅरन वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांनी ते 1892 च्या सुमारास जर्मनीत वडिलांकडे पाठवले आणि 1893 मध्ये हेर्मान वेंडलांड यांनी त्याला 'सेंटपॉलिया' म्हटले. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत घालतात.

आमच्या आईने पुण्यातल्या घराच्या पूर्वेकडील खिडकीत हे झाड वर्षानुवर्षे सांभाळले. लहान कुंडी, बेताचे पाणी, तेही खोलीत ठेवून निवलेले; कारण गार पाण्याने त्याच्या लवदार पानांवर डाग पडतात. पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येकीच्या मधोमध जांभळा पट्टा, असे त्याचे फूल. जो मागेल त्याला आई देठासकट एक पान देई. ओलसर वाळूत खोचलेल्या पानाच्या देठाशी दोन-तीन महिन्यांत पिल्ले दिसू लागतात. पण ज्यांनी पाने नेली त्यांच्याकडे फुले आली ती एकरंगी. आईला त्याचे नवल नव्हते. "ज्येच्या घरात जा फुलतला ता फुलतला," एवढेच ती म्हणे.

अशा झाडांना कायमेरा म्हणतात. सिंह, बकरी आणि सर्प एकाच देहात वागवणाऱ्या ग्रीक पुराणातल्या प्राण्यावरून. त्यांच्या देहात दोन भिन्न घडणींच्या पेशींचे थर एकमेकांना लगटून वाढतात आणि त्या शेजारातून तो पट्टा उमटतो. पानातून नवे रोप उगवते तेव्हा हे थर आपल्या जागी राहत नाहीत. शेंड्यात आणि बगलेच्या फुटव्यात ते राहतात. म्हणून कायमेरा वाढवायचा तर झाडाचा शेंडा कापून वेगळा रुजवावा लागतो आणि उरलेल्या खुंटाला फुटवे येण्याची वाट पाहावी लागते.

आई मालवणची. तिच्या बोलण्यात मालवणी आणि पुणेरी इतक्या सहज शेजारी नांदत की एकीचा शब्द कुठे संपला हे कळत नसे. आम्हा भावंडांना त्यांतली एकच आली.

आई गेल्यावर तिच्या झाडाला सुरी लावावी की नाही, यावर आमचे एकमत होईना. धाकटीचे म्हणणे, आहे तसे राहू द्यावे, जगेल तितके जगेल. थोरल्याचे म्हणणे, मग ते आपल्याबरोबरच संपेल. अखेर या आषाढात धाकटीनेच शेंडा कापला. तो वेगळ्या कुंडीत रुजला आहे. जुन्या खुंटावर तीन फुटवे आले आहेत, करंगळीच्या नखाएवढे. त्यांना अजून कळी नाही.