रेवदंड्याचा सातखणी मनोरा आणि बीडची विहीर

आम्ही तलवाड्याची, गेवराई तालुक्यातली माणसं. समुद्राचा आणि आमचा संबंध तसा नाहीच. तरी अलिबागजवळच्या रेवदंड्याला गेलो, आणि किल्ल्यातला सातखणी मनोरा पाहताना बीडच आठवलं.

कुंडलिका नदीच्या मुखाशी पोर्तुगिजांनी हा किल्ला बांधला. आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्या वर डोकं काढून हा मनोरा उभा आहे. सातांपैकी वरचे खण ढासळलेत. तरी समुद्रातून येणारं गलबत इथून किती लांबून दिसत असेल, हे खाली उभं राहूनही कळतं.

1570 च्या अखेरीस अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाने या ठाण्याला वेढा घातला. मुलाने विचारलं, "अब्बा, म्हणजे मुसलमान विरुद्ध ख्रिश्चन?"

त्याला म्हटलं, तेव्हाच विजापूरचा आदिलशहा गोव्यावर गेला होता आणि कालिकतचा हिंदू राजा सामुद्री या दोघांच्या बाजूने होता. शिवाय इथे किल्ला बांधायची परवानगी 1521 च्या सुमारास मूर्तझाच्याच आजोबांनी, बुऱ्हाण निजामशहाने दिली होती, कारण त्याला समुद्रमार्गे येणारे घोडे हवे होते. भांडण व्यापाराचं आणि समुद्रावरच्या हुकमतीचं होतं. ठाणं काही पडलं नाही. 1571 मध्ये तह झाला.

आपल्याला "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारणारे भेटतात. त्यांना शेजारचं चौल दाखवावं. अल-मसूदी हा अरब प्रवासी 916 च्या सुमारास तिथे आला, तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचं होतं. चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यातले कित्येक इथेच जन्मलेले आहेत, आणि त्यांचे तंटे सोडवायला राजा त्यांच्यातलाच प्रमुख नेमतो, असं त्याने लिहून ठेवलंय. पोर्तुगीज यायच्या जवळपास सहाशे वर्षं आधीची ही गोष्ट.

आणि बीडची खजाना विहीर? तीही याच मूर्तझाच्या काळातली. बांधणारा राजा भास्कर, असं सांगतात. दुष्काळातही तिचं पाणी टिकतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. मूर्तझाच्या तोफांना हा किल्ला घेता आला नाही. त्याच्या काळातल्या विहिरीवर मात्र शेतं भिजली. मुलाला आता ती विहीर दाखवायची आहे.