किंमत कोणी मोजायची?

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. नोकरी सोडलीस, सदाशिव पेठेत खोली घेतलीस, ताईने ठेव मोडली, मैत्रिणींचे फोन घेणं बंद केलंस, झोप चार तासांवर आणलीस, हे सगळं तू एका दमात लिहिलं आहेस. शेवटी म्हणतेस की त्यागावाचून कोणालाच काही मिळालेलं नाही, म्हणून मी जितकं जास्त सोडेन तितकं यश पक्कं. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा घातक वाटतो, आणि तो पहिल्यातून निघतो असं तू धरून चालली आहेस म्हणून हे लांबलचक उत्तर. तुझ्या नागरी सेवा परीक्षेला माझा विरोध नाही. पण ज्या थोरांची नावं घेऊन तू हा हिशेब मांडतेस, त्यांनी तो तसा मांडला नव्हता. ज्यांनी मांडला, त्यांच्या घरच्यांना काय सोसावं लागलं तेही नोंदलेलं आहे.

तुझ्या खोलीपासून फर्ग्युसन कॉलेज लांब नाही, तिथूनच सुरुवात करते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी कॉलेज. टिळक, आगरकर, मागाहून गोखले, असे आजीव सभासद दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायला स्वतःला बांधून घेत. आगरकर एम.ए. झालेले, सरकारी नोकरीत चांगला पगार सहज मिळाला असता. मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, हे त्यांनी आईला पत्र लिहून आधीच कळवलं होतं. आपण ही गोष्ट इथपर्यंत सांगतो आणि डोळे पुसतो. पुढचा व्यवहार मात्र कोणी बघत नाही. देणग्यांवर आणि फीवर चालणाऱ्या संस्थेला चांगले शिक्षक परवडायचे तर पगार कमी ठेवणं भाग होतं, म्हणजे त्यांनी जे सोडलं त्याचा कामाला सरळ उपयोग होता. त्याला मुदत होती. गोखले १९०२ साली तिथून मोकळे झाले आणि देशाच्या राजकारणात गेले, तेव्हा त्यांनी त्याग अर्ध्यावर टाकला असं कोणी म्हटलं नाही. आणि नेमकं किती सोडायचं यावर ही माणसं आपसांत कडाडून भांडली. पगार वाढावा का, सभासदाने बाहेर मिळवलेलं कोणाचं, बाहेरच्या कामाला वेळ द्यावा का, यावरून वर्षानुवर्षं वाद झाले आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. पुष्कळांना त्या भांडणाचं वाईट वाटतं. मला त्यात एक शहाणपण दिसतं. त्यागाची हद्द आखावी लागते, ती आपोआप पडत नाही आणि तिच्याविषयी बोलायला लाजायचं नसतं, हे त्या लोकांना कळत होतं.

टिळक गेल्यावर गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ साली धोंडो केशव कर्वे मुंबईहून आले. पहिली बायको वारलेली. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली ही बाई, पुढे सगळे तिला बाया म्हणू लागले. लग्नामुळे मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि मग सामानसुमान घेऊन पायी हिंगणं गाठायचं, पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे निव्वळ चिखल. या पायपिटीतून पुढे १९१६ सालचं महिला विद्यापीठ उभं राहिलं, आणि १९५८ साली, वयाची शंभरी गाठताना, त्यांना भारतरत्न मिळालं. त्यागातून यश, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं शोधून सापडायचं नाही. तूही पत्रात त्यांचंच नाव घेतलं आहेस.

पण त्या घरात आणखी एक माणूस होतं, आणि तिने आपली बाजू लिहून ठेवली आहे. बायांचं 'माझे पुराण' तू वाचलेलं नसशील तर वाच. कर्व्यांनी आपली शिल्लक आणि आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. विमा कशासाठी असतो? आपण उद्या नसलो तर बायकोमुलांनी खायचं काय, याचीच ती तरतूद. ज्या बाईने एकदा वैधव्य भोगलं होतं, नवरा गेल्यावर घरात बाईची काय अवस्था होते हे जिला कोणी सांगायला नको होतं, तिच्या पायाखालचा तेवढा आधारही गेला. तिने भांडण काढलं आणि पुढे स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून सुईणीचं शिक्षण घेतलं. त्यात मुलींचे पालक बिचकू नयेत म्हणून पुनर्विवाह केलेल्या बायकांना आश्रमापासून दूरच ठेवलं जाई. म्हणजे ज्या संस्थेला तिच्या घरचा पैसा चालत होता, तिथे तिची स्वतःची सावली चालत नव्हती. तरी त्याच आश्रमासाठी तिने दारोदार हिंडून वर्गणी जमवली. कर्व्यांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे आणि हे लिहून तो कमी होत नाही. पण त्यांच्या त्यागाचा एक मोठा हिस्सा बायांनी भरला, आणि तो त्यांना विचारून घेतलेला नव्हता.

यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. घरच्यांची परवानगी मागत बसले असते तर कोणतंही मोठं काम उभं राहिलं नसतं, विद्यापीठाची किंमत म्हणून एका घराची ओढाताण काय जड आहे? हा आक्षेप हलका नाही. काही घरं अशी असतात की विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार, आणि तिथे सुधारकाला एकट्याने पुढे जावं लागतं. बायांचं घर मात्र तसलं नव्हतं. ज्या बाईने विधवेचं जिणं सोसलं, शाळेत जाऊन शिकली, लोकनिंदा पत्करून पुन्हा लग्न केलं, तिला आश्रमाचं महत्त्व पटवून द्यायची गरज होती का? तिला विचारलं असतं तर कदाचित तिनेच सांगितलं असतं, शिल्लक द्या, पॉलिसी ठेवा. आश्रमाला थोडे पैसे कमी पडले असते आणि तो तरीही चालला असता, कारण तो चालला तो कर्व्यांच्या पायपिटीवर, त्या पॉलिसीवर नव्हे. सोडलेल्या सगळ्याच गोष्टी कामाला लागत नाहीत. काही नुसत्याच सोडलेल्या असतात, आणि मोठ्या कामाच्या प्रकाशात त्याही मोठ्या दिसतात.

आता त्याच कुटुंबातली दुसरी पिढी बघ. रघुनाथ हा धोंडोपंतांचा पहिल्या लग्नाचा मुलगा. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. हा विषय नुसता उच्चारला तरी लोक तोंड फिरवत असे ते दिवस. तो शिकवत होता त्या कॉलेजने बजावलं की हे काम सोड नाहीतर प्राध्यापकी, त्याने प्राध्यापकी सोडली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. पैसा नाही, मान नाही. १९५३ साली तो गेला तेव्हा मासिक चालूच होतं, आणि त्याच्याबरोबर संपलं. भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तीस वर्षं जे बोलल्याबद्दल त्याने शिव्या खाल्ल्या, ते सरकारी धोरण झालं. वडिलांपेक्षा मुलाने कमी सोडलं होतं का? एकाला भारतरत्न आणि दुसऱ्याला उपेक्षा, हा फरक त्यागाच्या वजनाने पडलेला नाही. काळ, विषय, समाजाची तयारी यांनी तो पाडला. जितकं जास्त सोडू तितकं यश पक्कं, हे तुझं सूत्र इथेच मोडतं. आपल्याला ते खरं वाटतं याचं कारण एवढंच की ज्यांना यश मिळालं त्यांचीच चरित्रं शाळेत लावतात.

रघुनाथरावांच्या घरातली एक गोष्ट मात्र बायांच्या घरापेक्षा वेगळी होती. मूल होऊ द्यायचं नाही हे नवराबायकोने मिळून ठरवलं आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. त्यांच्या पत्नी मालतीबाई नोकरी करून संसाराला हातभार लावत. त्यांनाही लोकांनी बोलून घेतलंच असणार, ओढाताण त्याही घरात होती. पण किंमत काय आहे हे दोघांना आधी माहीत होतं. त्यागाच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि आपल्या गोष्टींतून ते नेमकं गळून जातं.

सुखाचं म्हणशील तर रघुनाथराव सुखी होते की नाही हे मी सांगू शकत नाही. एवढं दिसतं की तोट्यातलं मासिक त्यांनी शेवटपर्यंत काढलं, आणि निव्वळ कर्तव्य म्हणून सव्वीस वर्षं कोणी मासिक काढत नाही. दर महिन्याला अंक निघे, कुठल्यातरी गावात कोणीतरी तो वाचे, म्हणजे त्या महिन्याचं काम त्या महिन्यात पुरं होई. पुढे सरकारने ते धोरण स्वीकारलं नसतं तरी ते अंक वाया गेले नसते. धोंडोपंतांचंही तसंच, एक विधवा लिहायला शिकली की तेवढं काम झालं. सोनू, तुझ्या परीक्षेची गोष्ट इथे फार निराळी आहे, आणि ही उदाहरणं तुला लागू पडत नाहीत ती याच कारणाने. दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि हजाराच्या आसपास मुलांची निवड होते. प्रिलिम्स गेली की त्या वर्षाचा सगळा अभ्यास निकालाच्या दृष्टीने शून्य. तुझ्या अभ्यासाने आज कोणाचं काही होत नाही, जे व्हायचं ते निवड झाल्यावर. असल्या कामासाठी सोडलेलं सगळं शेवटच्या एका यादीवर टांगलेलं असतं. म्हणून इथे हद्द आखणं कर्व्यांपेक्षा तुला जास्त गरजेचं आहे. नियमांनी खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि ३२ वर्षांची मर्यादा दिली आहे, पण ती आयोगाची हद्द. तुझी हद्द तू आखायची.

तू गीतेचाही आधार घेतला आहेस, म्हणून तेवढं सांगते. धोंडोपंतांनी १९०८ साली निष्काम कर्म मठ काढला, म्हणजे गीता त्यांनाही जवळची होती. पण गीतेत जो त्याग सांगितला तो फळाच्या आशेचा, आणि तू तर फळावरच डोळा ठेवून झोप सोडली आहेस. सतराव्या अध्यायात हट्टाने स्वतःच्या देहाला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटलं आहे. सहाव्यात तर साफ सांगितलं आहे की अजिबात न खाणाऱ्याला आणि अजिबात न झोपणाऱ्याला योग साधत नाही. चार तासांच्या झोपेवर दुपारी तू पानं उलटत असशील आणि डोक्यात काही शिरत नसेल, तर हा त्याग नाही, नुकसान आहे. मैत्रिणींचंही तेच. दिवसभरातला अर्ध्या तासाचा फोन तुझा निकाल बदलणार नाही, पण निकाल मनासारखा लागला नाही तर त्याच मैत्रिणी लागतील. नोकरी सोडलीस त्याला अर्थ आहे, त्यातून दिवसाचे आठ-दहा तास मोकळे झाले. ते मी चुकूनही चूक म्हणणार नाही.

राहिली ती ठेव. ताईने ती आनंदाने मोडली, असं तू लिहिलंस. असेलही. पण तुझ्या पत्रात तुझ्या कष्टांना दीड पान आहे आणि त्या ठेवीला अर्धी ओळ, हे मला खटकलं. ती रक्कम भावजींच्या निवृत्तीनंतरची होती ना? मग ताईशी एकदा समोर बसून नीट बोल. किती वर्षांचा खर्च धरला आहे, त्यातले किती पैसे परत ठेवता येतील, दुसऱ्या अटेम्प्टनंतर काय करायचं, हे आकडे तिच्यासमोर मांड आणि तिला नाही म्हणायची खरीखुरी मोकळीक दे. ती हो म्हणाली तर तिच्या त्यागाचं नाव तुझ्या त्यागाच्या आधी घे. नाही म्हणाली तर सकाळची एखादी अर्धवेळ नोकरी किंवा शिकवण्या बघता येतील. पुण्यात अभ्यास सांभाळून तसं करणारी मुलं पुष्कळ आहेत.

ताईशी काय बोलणं झालं ते सविस्तर कळव. 'माझे पुराण' तुला कुठे मिळालं नाही तर सांग, माझ्याकडची प्रत पाठवते.

तुझी,
मावशी