तिचा ढोल आम्ही ताणून ठेवला



आपलं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं. गणपती चतुर्थीला बसतात आणि त्याच अनंत चतुर्दशीला जातात. म्हणजे आपल्या नाशिकमध्ये वाकडी बारवेपासून विसर्जनाची मिरवणूक निघते, मेन रोड ढोलांनी दणाणतो, तेव्हा आपण उपवास धरून मंदिरात असतो. मग ज्या बाईला ढोलाचा नाद आहे आणि उपवासही मोडायचा नाही, तिनं काय करायचं? मी सोळा वर्षं एका ढोल पथकात आहे आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत एकदाही वाजवलेलं नाही. तरी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी मला या पथकानंच दिल्या. "तुझं आणि त्यांचं जमतं तरी कसं?" असं तुमच्यातल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून आज हे लिहायला घेतलं.

हौसेनं एकत्र येऊन वाजवणाऱ्यांची परंपरा काही नवी नाही. मुंबईत जिनी दिनशॉ यांनी १९६२ साली सुरू केलेला बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा आहे. तिथे व्हायोलिन आणि चेलो. आपल्याकडे ढोल, ताशा, झांज आणि पुढे ध्वज. नाशिक ढोल म्हटलं की आता देशभर लोकांना कळतं, पण तो वाजतो कसा हे जवळून फार कमी जणींनी पाहिलेलं असतं. ढोल कमरेला बांधायचा, एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप. ताशावाली दोन बारीक काड्यांनी पुढे चालीची सूचना देते आणि आम्ही सगळ्या ढोलवाल्या तिच्या मागे. तिनं चाल बदलली आणि एकीचं जरी लक्ष नसलं, तरी सगळी ओळ विस्कटते. चाळीस ढोलांत आपला ढोल वेगळा ऐकू आला, तर समजायचं की आपलं काहीतरी चुकतंय.

पथकात जायचं ठरलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो चामड्याचा. बरोबरच होता. पूर्वी ढोलाची पानं चामड्याचीच असायची, आजही काही ठिकाणी असतात. पण ऐन पावसाळ्यात सराव असतो, आणि चामड्याचं पान ओलाव्यानं सैल पडून आवाज बसतो. म्हणून पुष्कळ पथकांनी फायबरची पानं घेतली. आमच्याकडेही तीच आहेत. मी आधी जाऊन विचारलं, हातानं बघितलं, मगच नाव दिलं. तुमच्यापैकी कुणाच्या मुलीला जायचं असेल तर तुम्हीही आधी विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता मैत्रीचं. आपल्या महिला मंडळात आपण बसतो, बोलतो, आणि बोलता बोलता मैत्री होते. पथकात उलटं असतं. सराव सुरू झाला की बोलणं ऐकूच येत नाही. पहिले दोन महिने माझ्या डावीकडे उभ्या राहणाऱ्या बाईचं आडनावही मला माहीत नव्हतं. पण ती दमली की तिचं टिपरू कसं जड पडतं, हे मला कळायचं. माझी थाप मागे पडली की ती मान न वळवता खांद्यानं हलकेच ताल द्यायची. कोण कुठल्या गल्लीतली, कुठल्या समाजाची, घरचं कसं, नवरा काय करतो, हे सगळं पुढे कळलं. तोपर्यंत सवय झालेली होती, आणि त्या माहितीनं फारसा फरक पडला नाही. आमच्यात एक भाजीचा गाळा चालवते, एक बँकेत आहे, एक शाळेत शिकवते. ताशावाली शिवणकाम करते. एरवी आम्ही कुणाच्या लग्नात समोरासमोर आलो असतो, तरी नमस्कार करून पुढे गेलो असतो.

सराव संध्याकाळी असतो आणि माझा चौविहार. पहिल्या वर्षी मी घरून पाच वाजता खाऊन निघायचे आणि सूर्यास्ताच्या आधी पाणी प्यायला कोपऱ्यात जायचे. ताशावालीनं ते पाहिलं. तिनं विचारलं काहीच नाही. पुढच्या रविवारपासून सूर्य मावळायच्या दहा मिनिटं आधी तिच्या काड्या थांबायला लागल्या. "चला, पाणी प्या गं सगळ्या!" ती सगळ्यांना म्हणते, माझं नाव घेत नाही. सोळा वर्षं झाली, तिचा वेळ अजून चुकलेला नाही. आषाढात सूर्य उशिरा मावळतो आणि भाद्रपदात लवकर, तेही ती बघून येते.

अनंत चतुर्दशीचं मात्र सोपं नव्हतं. दोन महिने घाम गाळायचा आणि मुख्य दिवशी घरी बसायचं, म्हणजे ओळीत एक जागा रिकामी राहणार. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. "मिरवणुकीला यायचंच नाही तर सराव कशाला?" असं एकीनं तोंडावर विचारलं. तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. माझ्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं, माझा उपवास मला हवाच होता. त्यावर पथकप्रमुख ताईंनी एवढंच केलं, की त्या दिवशी माझ्या जागी एका नव्या मुलीला उभं केलं. तेव्हापासून दरवर्षी माझी जागा एका नव्या मुलीला मिळते, आणि सराव मी तिला देते. अशा किती मुली माझ्या जागेवरून पहिली मिरवणूक चालल्या! दुसऱ्या दिवशी माझं पारणं असतं. मुगाचं कढण, मऊ भात, तूप. रात्रभर जागलेल्या, तळहाताला चिकटपट्ट्या लावलेल्या त्या चौघी-पाच जणी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतात. मी उपाशी, त्या झोपेवाचून, आणि कढण सगळ्यांनाच हवं असतं. क्षमावणीला "उत्तम क्षमा" असा पहिला निरोप मला घरातल्या कुणाचा नाही, ताशावालीचाच येतो.

पण ही मैत्री किती खोल आहे, हे मला कळलं ते दुसऱ्याच प्रसंगानं. माझ्या डावीकडच्या मैत्रिणीचे मिस्टर सहा वर्षांपूर्वी श्रावणात अचानक गेले. आम्ही तिच्याकडे जाऊन बसायचो. काय बोलणार? न बोलता शेजारी असायची सवय आम्हाला होती, ती तेव्हा कामाला आली. दिवसकार्य झालं, महिने गेले, पण ती सरावाला येईना. आता ढोल वाजवणं बरं दिसेल का, असं नातेवाइकांत कुणीतरी म्हटलं होतं. तिनं आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला "चल, बाहेर पड" म्हणणं सोपं असतं, पण त्यातही एक जबरदस्ती असते.

वापरात नसलेल्या ढोलाच्या दोऱ्या हळूहळू सैल पडतात. एका रविवारी बँकेतली मैत्रीण आपला ढोल ताणून झाल्यावर तिचा ढोल घेऊन बसली. पुढच्या रविवारी मी बसले. मग भाजीवाली. कुणी पाळी लावली नव्हती, पण एकही रविवार चुकला नाही. ओळीत तिची जागाही आम्ही मोकळी ठेवायचो. नवीन मुली सरकून उभ्या राहायच्या, त्यांना फक्त "ती जागा आहे कुणाची तरी" एवढंच सांगायचो.

फाल्गुनात पाडव्याचा सराव सुरू झाला आणि एक दिवस ती आली. आधी कडेला पायरीवर बसली. मग उठून आपल्या ढोलाजवळ गेली आणि त्यावर बोटानं टिचकी मारली. ढोल लगेच बोलला. तिनं वर पाहिलं. "कुणी ताणला?" कुणीच उत्तर दिलं नाही. ताशावालीनं काड्या उचलल्या आणि पहिला हात सुरू केला. पाडव्याच्या सुमारास शहरातली पथकं गोदाघाटावर एकत्र येऊन महावादन करतात, त्यात त्या वर्षी ती माझ्या डावीकडे होती. तिच्या सासूबाई पाण्याची बाटली घेऊन मागे उभ्या होत्या. त्यानंतर नातेवाइकांतलं कुणी काही बोललं नाही.

तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. आपण त्या रोज चिंतनात घेतो. मला वाटतं, भावना नुसती मनात धरून पुरत नाही, तिला हाताचं काहीतरी काम लागतं. त्या सात-आठ महिन्यांत आमच्या हाताला दोरी ओढायचं काम होतं.

पाडव्यानंतर बाराव्या दिवशी महावीर जयंती येते. आपल्या शोभायात्रेत आमचं पथक असतं, आणि त्या दिवशी मीही ओळीत असते. पांढऱ्या सलवार-कुर्त्यात, कमरेला ओढणी घट्ट बांधलेली ताशावाली तुम्हाला सगळ्यात पुढे दिसेल. यंदा सकाळी त्या सगळ्या आपल्याकडे नाश्त्याला आहेत. उपमा कांद्याशिवाय होईल, त्यांना तो तसाच आवडतो. तुम्हीही या, ओळख करून देते.